‘स्टेम सेलनं बाबा बरे होतील का?’ आधी त्यांचा सर्वांत चांगला तास बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६६ वर्षांचे, पार्किन्सन्स होऊन ९ वर्षं झाली. गोळ्या सुरू आहेत, पण हल्ली असर लवकर उतरतो आणि मधल्या वेळात खुर्चीतून उठणंही जमत नाही. जपानमध्ये स्टेम सेलनं पार्किन्सन्सचे रुग्ण सुधारल्याची बातमी लेकीनं वाचली. त्याच आठवड्यात एका क्लिनिकनं सांगितलं, ‘तीच थेरपी आमच्याकडे आहे. त्यांच्याच पोटाच्या चरबीतून पेशी काढायच्या, थोड्या सलाइनमधून आणि थोड्या पाठीच्या कण्यातून द्यायच्या. तीन सिटिंग.’ भाऊ म्हणतो करून टाकू, आई घाबरली आहे. लेक विचारते, ‘करावं का? आणि आत्ता नाही केलं तर उशीर होईल का?’

मी मेंदूविकारांची डॉक्टर आहे. गेली २२ वर्षं माझा बराचसा वेळ पार्किन्सन्सच्या रुग्णांबरोबरच जातो. हा प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा तरी माझ्यासमोर येतो. उत्तर जरा लांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. जपानच्या बातमीतलं संशोधन खरं आहे का? हो, खरं आहे. क्लिनिकवाले म्हणतात ती तीच थेरपी आहे का? अजिबात नाही. दोन्हींना ‘स्टेम सेल’ म्हणतात, म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा पेशी, एवढंच साम्य. विमान आणि बैलगाडी दोन्ही वाहनंच, तसं काहीसं. खरं तर ही उपमा बैलगाडीवर अन्याय करणारी आहे. ती निदान कुठेतरी पोचते.

फरक नीट कळायला आजार मेंदूत नेमकं काय करतो ते आधी बघू.

मेंदूच्या मधल्या भागात खोलवर काळसर पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. त्याचं लॅटिन नाव सबस्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे सरळ अर्थानं ‘काळा पदार्थ’. या पेशी डोपामिन बनवतात, म्हणजे हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन. पण बनवतात एका जागी आणि पोचवतात दुसरीकडे. प्रत्येक पेशीचा लांब तंतू पुटामेन नावाच्या भागात जातो, तिथे झाडासारखा फुटतो आणि असंख्य ठिकाणी, क्षणाक्षणाच्या गरजेप्रमाणे डोपामिन सोडतो. पार्किन्सन्समध्ये या पेशी हळूहळू मरतात. हात पहिल्यांदा थरथरायला लागतो तोवर पुटामेनमधलं डोपामिन निम्म्याच्या बरंच खाली गेलेलं असतं.

१९६० च्या दशकात लेव्होडोपा आली. आजही तिच्या तोडीचं औषध नाही. सुरुवातीची काही वर्षं तीन गोळ्यांत दिवस छान निघतो. याचं कारण असं की उरलेल्या पेशी लेव्होडोपाचं डोपामिन करतात, साठवतात आणि बेताबेतानं सोडतात. म्हणजे कोठार अजून उभं असतं. पुढे पेशी कमी होत गेल्या की माल येतो तेवढाच, पण ठेवायला जागा नसते. गोळी रक्तात चढली की माणूस चालतो, रक्तातून उतरली की बसतो. तुमच्या बाबांचं नेमकं हेच चाललं आहे. यालाच आम्ही ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतो. यात गोळी बिघडलेली नसते, कोठार पडलेलं असतं.

आता मेंदूत पेशी लावण्याची कल्पना एका वाक्यात सांगता येते: जिथे डोपामिन पोचायला हवं तिथेच नवं कोठार बांधायचं. म्हणून नव्या पेशी सबस्टॅन्शिया नायग्रात न लावता थेट पुटामेनमध्ये लावतात. वयस्क मेंदूत इतक्या लांबचा तंतू पुन्हा वाढवत नेणं त्यांना जमेल याचा भरवसा नसतो.

ही कल्पना नवी नाही. १९८७ साली स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भाच्या मेंदूतल्या, डोपामिनची पेशी होण्याच्या वाटेवर असलेल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत लावल्या गेल्या. त्याच वर्षी मेक्सिकोतून दुसरी बातमी आली: रुग्णाच्याच, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा तुकडा मेंदूत लावून दोन जणांमध्ये मोठी सुधारणा. जगभर अशा शेकडो शस्त्रक्रिया झाल्या. काही वर्षांत कळलं की फायदा टिकत नाही आणि त्रास मात्र होतो, मग त्या पद्धतीनं गाशा गुंडाळला. लुंडचं काम मात्र टिकलं. त्या पद्धतीच्या काही रुग्णांमध्ये फायदा फार वर्षं राहिला. दोघांची माहिती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, ते शस्त्रक्रियेनंतर १५ आणि १८ वर्षांनीही डोपामिनच्या औषधांशिवाय चांगले होते. असे रुग्ण बोटांवर मोजण्याएवढे, पण त्यांच्यामुळेच आम्हा लोकांनी ही वाट सोडली नाही.

मग अमेरिकेत दोन कडक चाचण्या झाल्या. पहिलीत ४० रुग्ण होते. निम्म्यांना पेशी मिळाल्या, निम्म्यांच्या कवटीला नुसतं भोक पाडलं, आत काही घातलं नाही. रुग्णाला आपण कुठल्या गटात हे माहीत नव्हतं. २००१ मध्ये निकाल आला: एकूण गटात ठरवलेला फायदा दिसला नाही, साठीच्या आतल्या रुग्णांमध्ये थोडा दिसला. आणि एक नवीच भानगड समोर आली. काही जणांमध्ये औषध बंद असतानाही हात-पाय, मान आपोआप वळवळत राहिली. २००३ च्या दुसऱ्या चाचणीत तर पेशी मिळालेल्या २३ पैकी १३ जणांना हा त्रास झाला. लावलेल्या गर्भाच्या तुकड्यात डोपामिनबरोबर सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाच्याही पेशी होत्या आणि त्यांचा यात हात असावा, असं पुढे पुढे वाटू लागलं.

२००८ मध्ये आणखी एक धक्का. पेशी लावल्यानंतर ११ ते १६ वर्षांनी वारलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तेव्हा लावलेल्या तरुण पेशींपैकी काहींमध्ये पार्किन्सन्सची खूण असलेले ल्युई बॉडी, म्हणजे प्रथिनाचे गठ्ठे, सापडले. नव्या घरालाही जुनी वाळवी लागायला लागली होती. बहुतेक पेशी ठीक होत्या, त्यामुळे यावरून सगळं मोडीत काढायचं कारण नाही. पण ‘एकदा पेशी लावल्या की आजार संपला’ असं कुणी म्हणालं की मला सूक्ष्मदर्शकाखालच्या याच स्लाइड आठवतात.

गर्भाच्या पेशींची मोठी अडचण म्हणजे त्या वेळेवर, पुरेशा आणि एकसारख्या मिळत नाहीत. नैतिक प्रश्न वेगळाच. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत तर पेशी न मिळाल्यामुळे ठरलेल्या शस्त्रक्रिया कितीदा तरी रद्द कराव्या लागल्या. कवटी उघडायची तारीख, घरच्यांची रजा, सगळं ठरलेलं, आणि आदल्या दिवशी फोन: नाही होणार.

ही कोंडी फोडली स्टेम सेलनं. १९९८ मध्ये मानवी भ्रूणातल्या स्टेम सेल प्रयोगशाळेत वाढवता आल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेच्या पेशीला चार जनुकांच्या मदतीनं उलट्या पावली नेलं, म्हणजे ती पुन्हा ‘काहीही होऊ शकेल’ अशा अवस्थेत गेली. पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींत जमलं. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळालं. या पेशींना आयपीएस म्हणतात. पण ‘काहीही होऊ शकेल’ ही पेशी मेंदूत घालण्याच्या लायकीची नसते, कारण ती गाठही होऊ शकते. तिला डोपामिनच्या वाटेवर नेणारं, रोजच्या रोज नेमकी रसायनं देणारं वेळापत्रक बसवायला आणखी काही वर्षं गेली. काही आठवडे तिला वाढवायचं, नको त्या पेशी गाळायच्या, उरलेल्यांची तपासणी करायची, आणि त्या ‘डोपामिनची पेशी होणारच, पण अजून झालेली नाही’ अशा टप्प्यावर असताना मेंदूत लावायच्या. पूर्ण वाढलेली पेशी सुईतून जाताना मरते आणि फार कोवळी पेशी वाट चुकते. या मधल्या टप्प्याला बऱ्यापैकी हळुवार हात लागतो. शाळेत घालायच्या वयाचं पोर परगावी पाठवण्यासारखंच ते.

आता तुम्ही वाचलेली बातमी. एप्रिल २०२५ मध्ये क्योटोच्या जुन ताकाहाशी यांच्या गटानं ७ रुग्णांचा निकाल प्रसिद्ध केला. वय ५० ते ६९. निरोगी दात्याच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या पेशी मेंदूच्या दोन्ही बाजूंना लावल्या आणि दोन वर्षं पाहणी केली. गाठ झाली नाही, गंभीर दुष्परिणाम झाला नाही. परिणामासाठी ६ जणांचं मोजमाप झालं. औषध उतरलेल्या अवस्थेत त्यांपैकी ४ जणांच्या हालचाली सुधारल्या. स्कॅनमध्ये पुटामेनमधली डोपामिन बनण्याची क्षमता सरासरी ४४.७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. म्हणजे पेशी जगल्या आणि काम करू लागल्या. त्याच वेळी अमेरिका-कॅनडातल्या १२ रुग्णांचा निकालही आला; त्या पेशी भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या होत्या. जास्त डोस मिळालेल्या गटाचा हालचालींचा गुण दीड वर्षात, औषध उतरलेल्या अवस्थेत, सरासरी २३ अंकांनी सुधारला. मी रोज हे गुण मोजते, त्यामुळे सांगते की २३ हा आकडा लहान नाही. तपासायच्या खोलीत शिरताना माणूस वेगळा दिसावा, एवढा तो फरक आहे.

पण. आणि हा ‘पण’ मी प्रत्येक कुटुंबाला सावकाश सांगते.

या दोन्ही चाचण्यांमध्ये सगळ्यांना माहीत होतं की पेशी लावल्या आहेत. पार्किन्सन्समध्ये आशा निव्वळ मनाचा खेळ नसते. बरं वाटणार या अपेक्षेनंच मेंदू डोपामिन सोडतो, हे स्कॅनमध्ये दिसलेलं आहे. म्हणून या आजारात उघड चाचणी फसवी ठरू शकते. एक उदाहरण पुरेल. स्फेरामाइन नावाची एक पद्धत होती, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी बारीक मण्यांवर बसवून मेंदूत लावायची. ६ रुग्णांच्या उघड चाचणीत सुमारे ४८ टक्के सुधारणा दिसली, सगळे खूश. मग ७१ रुग्णांवर खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना करणारी चाचणी झाली, २०११ मध्ये निकाल आला: दोन गटांत फरकच नाही. म्हणून आत्ता अमेरिकेतल्या त्या पेशींची मोठी चाचणी सुरू आहे, सुमारे १०० रुग्णांची, त्यात एका गटावर खोटी शस्त्रक्रिया होते. मी तिच्या निकालाची वाट बघते आहे. जपानमध्ये २०२५ मध्येच मंजुरीसाठी अर्ज झाला. तिथे थोड्या रुग्णांच्या माहितीवर सशर्त, ठरावीक मुदतीची मंजुरी देण्याची सोय आहे. त्यामुळे ‘अमुक देशात मंजूर’ ही बातमी वाचलीत तरी त्यामागे किती रुग्ण आहेत हे विचारायला विसरू नका. लुंड आणि केंब्रिजची ८ रुग्णांची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली, तीही याच वाटेवर आहे.

इथवरचं थोडक्यात: पेशी मेंदूत जगतात, डोपामिन बनवतात, सुरुवातीची सुरक्षितता चांगली दिसते. फायदा नक्की किती आणि कोणाला, हे ठरायचं आहे.

आता बाबांकडे येऊ. मी कुटुंबांना एक घरगुती कसोटी देते. गोळी उत्तम चढलेली असताना, दिवसातल्या त्यांच्या सर्वांत चांगल्या तासात त्यांना नीट बघा. चाल, बोलणं, तोल, हात, चेहरा. नव्या पेशी, अगदी उत्तम चालल्या तरी, पुटामेनमध्ये डोपामिनच सोडणार. म्हणजे त्यांचं काम हा चांगला तास लांबवणं, दिवसभर पसरवणं. त्या तासातही जे बिघडलेलं राहतं ते डोपामिनच्या हातातलं नसतं, आणि नव्या पेशींच्याही हातातलं नसणार. उत्तम तासातही बाबा वळताना तोल जाऊन पडत असतील, पाय जमिनीला चिकटत असतील, बोलणं पुटपुटल्यासारखं असेल, उभं राहताना रक्तदाब पडत असेल, विसरायला होत असेल, रात्री स्वप्नात हातवारे करत असतील, बद्धकोष्ठ असेल, वास येत नसेल, तर यांपैकी काहीही या पेशींनी सुधारेल असं मी सांगणार नाही. याउलट उत्तम तासात ते बागेत फिरून येत असतील आणि तासाभरानं खुर्चीला खिळत असतील, तर भविष्यातल्या अशा उपचारासाठी ते चांगले उमेदवार असू शकतील.

‘असू शकतील’ म्हणाले, कारण बरंच काही परिस्थितीवर आहे. वय, मधुमेह, मूत्रपिंड, स्मृती, आणि मुख्य म्हणजे निदान. ९ वर्षांनी लेव्होडोपाला एवढा स्पष्ट प्रतिसाद आहे म्हणजे निदान बहुधा बरोबर आहे. पार्किन्सन्ससारखे दिसणारे काही आजार असतात, त्यांत हा प्रतिसाद टिकत नाही. शिवाय दुसऱ्याच्या पेशी लावल्या की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात. संसर्ग, साखर, रक्तदाब, मूत्रपिंड सगळीकडे लक्ष ठेवावं लागतं. गंमत म्हणजे यांत वापरलं जाणारं टॅक्रोलिमस हे औषध स्वतःच हातांना कंप आणू शकतं. कंप घालवायला गेलेल्या माणसाला कंपाची गोळी. आणि पेशी लावल्यावर उद्या सकाळी फरक पडत नाही. त्यांना मुरायला महिने लागतात, पूर्ण परिणामाला दोन-तीन वर्षं.

या शेवटच्या मुद्द्यावरच क्लिनिकचा दावा पहिल्यांदा ढासळतो. ‘तिसऱ्या दिवशी हात थांबला’ असं कुणी सांगत असेल, तर काहीही झालं असेल, पण नवी पेशी उगवलेली नाही.

चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या पेशींना मेसेन्कायमल पेशी म्हणतात. त्या हाड, कूर्चा, चरबी होण्याच्या वाटेवरच्या. सकाळी पोटातून काढलेली पेशी दुपारपर्यंत डोपामिनची पेशी होत नाही, आणि महिन्यानंतरही होत नाही. सलाइनमधून दिल्या तर बहुतेक फुप्फुसांच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. कण्यातून दिल्या तर पाठीच्या कण्याभोवतीच्या पाण्यात तरंगतात. तिथून मेंदूच्या आत खोलवर, पुटामेनमध्ये जाऊन घर करतील ही आशा म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कालव्यात बी टाकून शेत उगवायची वाट बघणं. या पेशी दाह कमी करत असतील का, यावर प्रामाणिक संशोधन चालू आहे, ते नाकारायचं कारण नाही. पण संशोधन आणि सिटिंगचं बिल यांत फरक आहे.

‘स्वतःच्याच पेशी’ हा शब्द मात्र चाचणीतून उचललेला आहे, त्यामुळे लोक गोंधळतात. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णाची माहिती प्रसिद्ध झाली. त्याच्या त्वचेपासून आयपीएस पेशी, त्यांपासून डोपामिनच्या वाटेवरच्या पेशी बनवून त्याच्या मेंदूत लावल्या आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लागली नाहीत. तिथेही पेशी त्याच्याच होत्या. पण त्वचा आणि मेंदू यांच्यामध्ये कितीतरी महिन्यांची प्रयोगशाळा होती, आणि शेवटी कवटीला भोक पाडून नेमक्या मिलिमीटरवर सुई होती. क्लिनिकनं शब्द घेतला, मधली प्रयोगशाळा वगळली. आकड्यांनाही भुलू नका. ‘आम्ही इतक्या कोटी पेशी देतो’ असं सांगतील. अमेरिका-कॅनडाच्या चाचणीत मोठा डोस म्हणजे एका बाजूला २७ लाख पेशी होत्या.

तुम्हाला वाटेल, उपयोग नाही तर नाही, नुकसान तर नाही ना? आहे. स्ट्रोक झालेल्या एका माणसानं तीन वेगवेगळ्या देशांत कण्यातून अशा पेशी घेतल्या. पुढे त्याच्या कण्यात गाठ वाढली आणि ती दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींची होती. हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. २०१७ मध्ये तीन वृद्ध स्त्रियांची माहिती आली. चरबीतून काढलेल्या पेशी दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या आणि त्यांची दृष्टी गेली. तिथेही पेशी ‘स्वतःच्याच’ होत्या.

माझ्या एका रुग्णाचा मुलगा एकदा मोबाइलवर असाच एक व्हिडिओ घेऊन आला. आधी आणि नंतर. ‘आधी’मध्ये एक काका भिंतीला धरून घसटत चालताहेत, चेहरा दगडासारखा. ‘नंतर’मध्ये तेच काका भराभर चालताहेत, हसताहेत. मुलगा म्हणाला, ‘बघा ना मॅडम.’ मी म्हटलं, ‘पुन्हा लाव, आवाज बंद कर, आणि खांद्याकडे बघ.’ ‘नंतर’च्या व्हिडिओत काकांचा उजवा खांदा आणि मान लयीत हलत होती, जणू कुणी गाणं लावलंय. तो स्टेम सेलचा परिणाम नव्हता. लेव्होडोपाची गोळी अगदी शिखरावर असताना जास्त वर्षांच्या रुग्णांमध्ये अशी वळवळ होते. ‘आधी’चा व्हिडिओ गोळी उतरलेला, ‘नंतर’चा गोळी चढलेला. दोन्ही एकाच दिवशी काढता आले असते, मध्ये एक गोळी आणि तासभर. मुलानं तीनदा लावून पाहिला आणि मोबाइल खिशात टाकला. घरी जाऊन बाबांचा असाच व्हिडिओ काढा, सकाळच्या गोळीच्या आधी आणि एका तासानं. मग कुणाचेही व्हिडिओ बघताना डोळे तयार होतील.

क्लिनिकला विचारायचंच असेल तर एवढं विचारा. ही चाचणी सार्वजनिक नोंदणीत कुठल्या क्रमांकानं आहे? चाचणी असेल तर पैसे का? खऱ्या चाचणीत प्रायोगिक पेशींसाठी रुग्णाकडून पैसे घेत नाहीत. पेशी मेंदूत कुठे आणि कशा पोचतात? दोन वर्षांनी मला कोण तपासणार? उत्तरं द्यायला ते ‘समन्वयक’ पुढे करतील, डॉक्टर नाही. त्यातच बरंच कळेल.

आणि आता तुमचा उशिराचा प्रश्न, जो मला यात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. क्लिनिकला नाही म्हणून उशीर होत नाही. उलट आज असं काही केलंत तर दरवाजा बंद होऊ शकतो, कारण आधी कुठल्याही प्रकारची पेशी-उपचार पद्धती घेतलेल्यांना अनेक चाचण्या घेत नाहीत. खरा उशीर दुसरीकडे होतोय. ९ वर्षांचा आजार, गोळीला उत्तम प्रतिसाद, पण असर टिकत नाही: हे चित्र डीबीएससाठी, म्हणजे मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्यासाठी, विचार करण्याचं आहे. ती पद्धत १९८७ पासून वापरात आहे आणि तिच्यामागे तुलनात्मक चाचण्यांचा चांगला आधार आहे. चांगला तास लांबवण्याचं कामच ती करते. ती सर्वांना चालत नाही. स्मृती ढासळलेली असेल, तोल फार गेलेला असेल, तर मीच नको म्हणते. वय जसं वाढतं तसा धोका वाढतो, म्हणून ६६ ला विचारणं आणि ७६ ला विचारणं सारखं नाही. एक अडचणही प्रामाणिकपणे सांगते: डीबीएस केलं तर पुढच्या काही स्टेम सेल चाचण्यांमध्ये प्रवेश मिळणार नाही. माझ्यापुरतं उत्तर साधं आहे, हातातलं सिद्ध साधन सोडून अनिश्चित रांगेत उभं राहायला मी सहसा सुचवत नाही. पण हा निर्णय बाबांचा आहे, आणि काहीजण विचारपूर्वक रांग निवडतात. त्यांना मी वेडं म्हणत नाही.

त्याआधी गोळ्यांचं वेळापत्रक बघा. निम्म्या कुटुंबांत मला इथेच सुधारायला जागा सापडते. लेव्होडोपा जेवणाआधी अर्धा-पाऊण तास, रिकाम्या पोटी घेतली तर बरी शोषली जाते. डाळ, दूध, अंडी यांसारखी प्रथिनं तिच्या वाटेत उभी राहतात. बद्धकोष्ठ असेल तर गोळी पोटातच रेंगाळते आणि आपण म्हणतो औषध लागू पडत नाही. डोस मोठा करण्याऐवजी छोटा आणि जास्त वेळा, किंवा असर लांबवणारं दुसरं औषध जोडणं, हे पर्याय डॉक्टरांबरोबर बसून ठरवायचे, स्वतः बदल करायचा नाही. आणि व्यायाम. दमवणारा, घाम आणणारा, तोल सांभाळून. ट्रेडमिलवर वेगानं चालण्याच्या एका चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला, सुरुवातीच्या आजारात जोरकस व्यायाम सुरक्षित आणि उत्साहवर्धक ठरला. बाबांसाठी तो आधार धरून, सोबत कुणीतरी असताना करायचा.

पुढच्या भेटीआधी सात दिवस एक वही ठेवा. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक अक्षर: ‘च’ म्हणजे चालतात, ‘थ’ म्हणजे थांबलेले, ‘व’ म्हणजे वळवळ, ‘झ’ म्हणजे झोप. बाजूला गोळी घेतल्याची खरी वेळ, ठरलेली नाही, आणि जेवणाची वेळ. चौथ्या दिवशी कंटाळा येईल, तेव्हा आईकडे द्या. आया हे काम जास्त चोख करतात असा माझा अनुभव आहे. सातव्या दिवशी सगळे ‘च’ मोजा आणि ती वही डॉक्टरांच्या टेबलावर उघडी ठेवा, स्टेम सेल आणि डीबीएस या दोन्ही शब्दांच्या आधी.